महंतांचा आशीर्वाद आणि मतदाराचा प्रश्न

शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत राजा दुष्यंत कण्वाच्या आश्रमापाशीं येतो, तेव्हां आपलीं आभरणें आणि धनुष्य सारथ्याच्या हातीं देऊन तो साध्या वेषानें आंत जातो. त्यास कोणी अडविलें असतें असें नाहीं. परंतु तपोवनांत सत्तेचा दिमाख मिरवावयाचा नसतो, हा संकेत राजालाच ठाऊक होता. हल्लींचे पुढारी मठांत, गडावर किंवा बेटावर जातात तेव्हां धनुष्य बाहेर ठेवणें दूरच राहिलें. मोटारींचा ताफा आणि छायाचित्रकार बरोबर घेऊनच ते दर्शनास जातात, आणि परततांना महंतांचा आशीर्वाद हेंच एक नवें आभरण अंगावर घालून बाहेर पडतात. हें आभरण कोणाकडून आणि कोणत्या बोलीवर घेतलें, हें विचारण्याचा मतदारास अधिकार आहे कीं नाहीं, हा या महिन्याचा आमचा विषय आहे.

आमच्या जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर हा प्रश्न अगदीं दारांतला आहे. पूर्वींच्या अहमदनगरास २०२४ सालीं अहिल्यानगर हें नांव मिळालें, पण भूमि तीच. नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली गेली. शिर्डीस साईबाबांची समाधि आहे. पाथर्डी तालुक्यांत, बीडच्या सीमेवर, भगवानगड आहे. श्रीरामपूर व वैजापूर या तालुक्यांच्या सीमेवर गोदावरीच्या पात्रांत सराला बेट आहे. आणि अकोले तालुक्यांतील इंदोरी गांवचे कीर्तनकार साऱ्या महाराष्ट्रांत ऐकले जातात. अशा जिल्ह्याच्या राजकारणांत टाळमृदंगाचा नाद मिसळावा, हें ओघानेंच आलें. साखर कारखाना, सहकारी बँक व शिक्षणसंस्था हीं जशीं पुढाऱ्यांचीं साधनें, तसाच हरिनाम सप्ताह हेंहि त्यांचें एक साधन होऊन बसलें आहे. मंडपाचा खर्च कोणीं दिला, पंगत कोणाकडून झाली, काल्याच्या कीर्तनास पुढच्या रांगेंत कोण बसलें, यांवरून गांव आपापलें अनुमान काढतें. आणि तें बहुधा चुकत नाहीं.

यांतील भगवानगडाची कथा प्रथम सांगतों, कारण तींत या विषयाच्या दोन्ही बाजू दिसतात. भगवानबाबा (१८९६–१९६५) हे वारकरी पंथाचे सत्पुरुष. पशुहत्या सोडा, मुलांस शाळेंत घाला, असा त्यांचा उपदेश असे. वंजारी समाजाची, विशेषतः ऊसतोडीसाठीं दरसाल घरदार सोडून जाणाऱ्या कष्टकरी लोकांची, या गडावर अपार श्रद्धा आहे. गोपीनाथ मुंडे हयात असतांना गडावरील दसरा मेळावा हें त्यांच्या राजकारणाचें मोठें व्यासपीठ झालें होतें. ते ३ जून २०१४ रोजीं निवर्तले. पुढें गडाचे महंत नामदेवशास्त्री यांनीं गडावर राजकीय भाषण नको, अशी भूमिका घेतली. त्यावरून मोठा वाद माजला. २०१६ सालीं पंकजा मुंडे यांचा मेळावा गडाच्या पायथ्याशीं झाला, आणि २०१७ पासून तो भगवानबाबांच्या जन्मगांवीं, सावरगांव घाट येथें, भरूं लागला. महंतांच्या त्या निर्णयामागील हेतूविषयीं त्या वेळीं पुष्कळ तर्क झाले. त्यांत आम्ही पडत नाहीं. धर्मस्थान हें सभास्थान नव्हे, हें तत्त्व मात्र निर्विवाद होतें, आणि तें महंतांच्या मुखांतून निघालें हें अधिक शोभणारें होतें.

आतां दुसरी बाजू. ९ डिसेंबर २०२४ रोजीं केज तालुक्यांतील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा अत्यंत निर्घृण खून झाला. या प्रकरणीं ज्या वाल्मीक कराडचें नांव पुढें आलें, तो त्या वेळचे मंत्री धनंजय मुंडे यांचा निकटवर्ती म्हणून ओळखला जात असे. स्वतः मुंडे या खटल्यांत आरोपी नव्हते, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. परंतु त्यांनीं मंत्रिपद सोडावें अशी मागणी राज्यभर होत होती. अशा वेळीं, जानेवारी २०२५ च्या अखेरीस, मुंडे भगवानगडावर मुक्कामास गेले. आणि ३१ जानेवारीस महंत नामदेवशास्त्री यांनीं पत्रकारांसमोर सांगितलें कीं, मुंडे हे गुन्हेगार नव्हेत व गड त्यांच्या पाठीशीं भक्कमपणें उभा आहे. एवढ्यावरच न थांबतां आरोपींची मानसिकता तशी कां झाली, याचाहि विचार व्हावा, अशा आशयाचें विधान त्यांनीं केलें. या विधानानें मोठा क्षोभ झाला. २ फेब्रुवारीस देशमुखांचे कुटुंबीय गडावर गेले व त्यांनीं आपली कैफियत महंतांपुढें मांडली. तेव्हां गड त्यांच्याहि पाठीशीं असल्याचें महंतांनीं सांगितलें. पुढें आरोपपत्र दाखल झालें, खुनाच्या वेळचीं छायाचित्रें लोकांसमोर आलीं, आणि ४ मार्च २०२५ रोजीं मुंडे यांनीं राजीनामा दिला.

ज्या गडानें ध्वनिक्षेपकास मज्जाव केला, त्याच गडाच्या गादीवरून एका मंत्र्याच्या निर्दोषत्वाचा निर्वाळा दिला गेला, ही यांतील विसंगति कोणाच्याहि ध्यानांत येईल. परंतु आम्हांस याहून खोल एक गोष्ट दिसते. नामदेवशास्त्री हे न्यायाचार्य आहेत. न्यायशास्त्रांतील त्यांचा अधिकार मोठा आहे. म्हणून त्यांच्याच शास्त्राच्या कसोटीवर हा प्रश्न घासून पाहूं. न्यायमतें ज्ञानाचीं प्रमाणें चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचें वचन. आप्त कोण? ज्यानें त्या वस्तूचें स्वरूप स्वतः यथार्थ जाणलें आहे आणि जें जाणलें तेंच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. भाष्यकार वात्स्यायनांनीं यापुढें जाऊन म्हटलें आहे कीं, हें लक्षण ऋषि, आर्य व म्लेच्छ या सर्वांस सारखेंच लागू आहे. याचा अर्थ असा कीं, वचनाचें प्रामाण्य गादीवरून, वेषावरून अथवा जातीवरून ठरत नाहीं. तें त्या त्या विषयाच्या ज्ञानावरून ठरतें. ज्ञानेश्वरींतील एखाद्या ओवीचा अर्थ काय, या विषयीं महंत आप्त आहेत; आम्ही त्यांच्या पायांशीं बसून तो ऐकूं. परंतु केज तालुक्यांत त्या दिवशीं काय घडलें आणि त्यामागें कोण होतें, या विषयीं आप्त कोण? ज्यांनीं पाहिलें ते साक्षीदार, ज्यांनीं शोध केला ते तपास-अधिकारी, आणि शेवटीं पुरावा तोलणारें न्यायालय. त्या विषयांत महंतांचें वचन हें एका सज्जन नागरिकाचें मत होय. त्यास गडाचें वजन जोडलें कीं तें प्रमाण होत नाहीं, फक्त जड होतें.

आणि जड वस्तु कोणाच्या तरी अंगावर पडते. ज्या घरांतील कर्ता पुरुष मारला गेला, त्या घराला गडावर जाऊन आपलें दुःख कागदपत्रांनिशीं सिद्ध करण्याची पाळी यावी, यापरतें दुःख कोणतें? पुढाऱ्यास मिळालेला आशीर्वाद फुकट नसतो; त्याची किंमत कोठें तरी, कोणास तरी द्यावी लागते, हें या प्रसंगावरून दिसलें.

दुसरें उदाहरण सराला बेटाचें. ऑगस्ट २०२४ मध्यें गंगागिरी महाराजांच्या परंपरेंतील १७७ वा सप्ताह सिन्नर तालुक्यांतील पंचाळे येथें भरला होता. बेटाचे महंत रामगिरी महाराज यांनीं प्रवचनांत मुसलमानांच्या पैगंबरांविषयीं काढलेल्या उद्गारांवरून अनेक ठिकाणीं त्यांच्यावर गुन्हे नोंदले गेले. त्याच सप्ताहांत मुख्यमंत्री एकनाथ शिंदे व्यासपीठावर उपस्थित राहिले व या राज्यांत संतांस धक्का लागूं देणार नाहीं, असें आश्वासन त्यांनीं दिलें. पुढें १ सप्टेंबरला महंतांच्या समर्थनार्थ आमच्या जिल्ह्यांत निघालेल्या मोर्चाच्या वेळीं आमदार नितेश राणे यांनीं केलेल्या भाषणांबद्दल त्यांच्यावरहि गुन्हे दाखल झाले. २० नोव्हेंबरला विधानसभेचें मतदान झालें. तपास चालूं असलेल्या प्रकरणांत राज्याच्या प्रमुखानें एका पक्षाच्या शेजारीं बसून अभय द्यावें, यानें पोलिसांच्या शिपायास काय समजावें, आणि ज्या समाजाचें मन दुखावलें त्यानें न्यायाची आशा कोणाकडून करावी? वारकऱ्यांच्या सप्ताहास मुख्यमंत्र्यांनीं जाणें यांत गैर कांहींच नाहीं. जाऊन काय बोलावें, हा प्रश्न आहे.

तिसरें उदाहरण जरा निराळ्या प्रकारचें. इंदोरीचे निवृत्तिमहाराज देशमुख, ज्यांस सर्वजण इंदुरीकर म्हणतात, हे सप्टेंबर २०१९ मध्यें तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या महाजनादेश यात्रेच्या वेळीं संगमनेरास व्यासपीठावर दिसले. त्यांनीं मुख्यमंत्री साहाय्यनिधीस एक लाख रुपये दिले. लागलीच महाराज बाळासाहेब थोरातांविरुद्ध निवडणुकीस उभे राहणार, अशी वार्ता उठली. महाराजांनीं ती नाकारली. पुढें २०२० च्या आरंभीं, सम तिथीस व विषम तिथीस होणाऱ्या संगावर मुलगा कीं मुलगी हें अवलंबून असतें, अशा त्यांच्या कीर्तनांतील विधानावरून गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखालीं संगमनेरच्या न्यायालयांत खटला उभा राहिला. त्यांनीं दिलगिरी व्यक्त केली होती. सत्र न्यायालयानें २०२१ सालीं खटल्याचा आदेश रद्द केला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें २०२३ सालीं तो पुन्हा कायम केला. ज्या जिल्ह्यांत मुलींचा जन्म हा चिंतेचा विषय होऊन बसला आहे, तेथें ज्या ज्या पुढाऱ्यास कीर्तनकाराच्या गर्दीचा मोह होतो, त्यानें या विधानाविषयीं आपलें मत काय, हें सांगावयास नको काय? गर्दी आमची, आणि विधान मात्र महाराजांचें, अशी वांटणी चालणार नाहीं.

येथें कोणी विचारील, याविषयीं कायदा नाहीं काय? कायदा आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचें १२३ वें कलम पाहावें. अमक्यास मत न दिल्यास दैवी कोप होईल अथवा धर्मगुरूंची अवकृपा होईल, अशी भीति घालणें हा भ्रष्टाचार समजला जातो. पंजाबांतील सिरसा मतदारसंघाच्या निवडणुकीविषयींच्या खटल्यांत, १९५९ सालीं, सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, धर्मगुरूनें आपली पसंती सांगण्यास हरकत नाहीं. परंतु अनुयायांस निवड करण्याची मोकळीकच उरूं नये अशा रीतीनें त्यानें आज्ञा केली, तर ती निवडणूक टिकत नाहीं. नामधारी शिखांच्या गुरूंच्या आज्ञेवरून झालेली ती निवड रद्द ठरली. २ जानेवारी २०१७ रोजीं सात न्यायाधीशांच्या पीठानें चार विरुद्ध तीन मतांनीं आणखी एक दार लावलें: उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या नांवानेंहि मतें मागतां येणार नाहींत. तो खटला मुंबईच्या सांताक्रूझ येथील १९९० च्या निवडणुकींतून निघाला होता. निवडणूक-कायद्याची धग नगरकरांसहि ठाऊक आहे. १९९१ च्या लोकसभेच्या निवडणुकींत प्रतिस्पर्ध्याविषयीं खोटीं विधानें केल्याच्या कारणावरून यशवंतराव गडाख यांची निवड रद्द झाली व १९९३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम ठेवला.

परंतु कायद्याचा हात आंखूड आहे. तो उमेदवारापर्यंत पोंचतो. तोहि निवडणुकीच्या दिवसांत, आणि निकालानंतर पंचेचाळीस दिवसांत कोणीं अर्ज केला तर. निवडणुकीपूर्वीं सहा महिने भरलेल्या सप्ताहास, मंत्र्याच्या गडावरील मुक्कामास अथवा मंडपांतील एका आश्वासनास तो शिवूं शकत नाहीं. जेथें कायदा थांबतो, तेथून लोकमताचें काम सुरू होतें.

हें काम इतर देशांत कसें होतें, याचें एक उदाहरण देतों. अमेरिकेंत २००८ सालीं बराक ओबामा अध्यक्षपदासाठीं उभे होते. ज्या धर्मोपदेशकानें त्यांचा विवाह लाविला होता, त्या जेरेमाया राइट यांचीं देशाविषयींचीं जहाल प्रवचनें लोकांसमोर आलीं. ओबामा यांस १८ मार्च रोजीं फिलाडेल्फियांत भाषण करून सविस्तर उत्तर द्यावें लागलें. त्यांत त्यांनीं विधानें धिक्कारलीं, पण त्या गृहस्थाशीं असलेलें नातें तोडलें नाहीं. पुढें राइट यांनीं तीच भाषा पुन्हा केली तेव्हां तेंहि तोडलें, आणि मे महिन्याच्या अखेरीस ते त्या चर्चमधून बाहेर पडले. प्रतिपक्षाचे जॉन मॅकेन यांनीं जॉन हेगी या उपदेशकाचा पाठिंबा प्रथम मोठ्या संतोषानें घेतला होता; त्याचें ज्यूंच्या संहाराविषयींचें जुनें प्रवचन उजेडांत येतांच मॅकेन यांनीं तो पाठिंबा परत केला. त्या देशांतील सर्वच रीती आम्हांस घेण्याजोग्या नाहींत, आणि तेथेंहि या चौकशींत राजकीय डाव पुष्कळ असतात. पण एक गोष्ट घेण्याजोगी आहे: तेथें प्रश्न उपदेशकास नव्हे, उमेदवारास विचारला गेला, आणि ते आमचे गुरु आहेत, एवढें उत्तर पुरेसें मानलें गेलें नाहीं.

आमचें म्हणणें याच एका मुद्द्यावर येतें. कोणीं कोणाच्या पायां पडावें, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. त्यांत मतदारानें डोकावूं नये. देवघर हें घरांतलें असतें. परंतु ज्या क्षणीं उमेदवार तो नमस्कार फलकावर छापतो, महंतांच्या व्यासपीठावरून आपली कामें सांगतो, किंवा संकटकाळीं गादीच्या आडोशास उभा राहतो, त्या क्षणीं त्यानें ती श्रद्धा भांडवल म्हणून बाजारांत आणली. आणि भांडवलाचा हिशेब द्यावाच लागतो. म्हणून त्यास तीन प्रश्न विचारावे. पहिला, या महाराजांकडून आपण काय घेतलें, आणि निवडून आल्यावर त्यांस काय द्यावयाचें ठरलें आहे? दुसरा, त्यांच्या अमुक विधानाशीं आपण सहमत आहां कीं नाहीं? तिसरा, उद्यां त्यांच्यावर अथवा त्यांच्या माणसांवर गुन्हा नोंदला गेला, तर आपण पोलिसांस त्यांचें काम करूं द्याल काय? यांत अश्रद्धा नाहीं, उद्धटपणा नाहीं. ज्याच्या मनांत कांहीं लपविण्याजोगें नसेल, त्यास हीं उत्तरें देण्यास तीन मिनिटें पुरतील.

महंतांच्या हिताचीहि गोष्ट हीच आहे. नेवाशास ज्ञानेश्वरीच्या अखेरीस यादव राजा रामचंद्राचा उल्लेख आला आहे, पण मागणें मागितलें आहे तें राजासाठीं नव्हे, साऱ्या प्राणिमात्रांसाठीं. राजाचें नांव राहिलें तें त्या ग्रंथामुळें. ग्रंथ राहिला तो राजामुळें नव्हे. पुढाऱ्यांचीं पदें येतात आणि जातात. एका पदासाठीं गादीनें आपला शब्द गहाण ठेवला, तर पद गेल्यावर तो शब्द सोडवून आणण्यास कोणी येत नाहीं.

आतां आपल्या घरांकडे वळूं. हें मासिक ज्या घरांत वाचलें जातें, तेथें गडाविषयींचें वरील विवेचन वाचून कोणी म्हणेल कीं, हें सारें इतर लोकांचें आहे, आपण सुशिक्षित. हा समज बरा नव्हे. ऊस तोडणाऱ्याची गडावरील निष्ठा आणि पांढरपेशाची आपल्या कुलगुरूंवरील, आपल्या मठावरील निष्ठा, यांत जातीचा भेद नाहीं. आपल्याहि दिवाणखान्यांत सद्गुरूंची तसबीर आहे, आपल्याहि उत्सवांस पुढारी येतात, आणि त्यांस पुढची खुर्ची देण्यांत आपल्यासहि धन्यता वाटते. शिवाय एकत्र कुटुंबांत मतदानाच्या आदल्या रात्रीं वडीलधारें माणूस एक नांव उच्चारतें, आणि सकाळीं घरांतील आठ-दहा मतें त्या नांवावर पडतात. हा माणूस आपल्या महाराजांचा आहे, एवढेंच कारण त्यास पुरतें. थोरल्या सूनबाईंनीं गेल्या पांच वर्षांत गांवच्या दवाखान्यांत चार खेपा घातल्या असतील. तेथें औषध मिळतें कीं नाहीं याविषयीं घरांत आप्त कोण असेल तर त्या आहेत, आजोबा नव्हेत. कॉलेजांत जाणाऱ्या नातवास आपल्या शिष्यवृत्तीचें काय झालें हें माहीत असतें. न्यायशास्त्राचें लक्षण घराच्या उंबऱ्यांतहि तसेंच लागू पडतें: ज्याला ज्या गोष्टीचें ज्ञान, त्याचें त्या गोष्टींत प्रमाण.

तेव्हां पुढील निवडणुकीच्या वेळीं उमेदवार आपल्या ओसरीवर येईल, गळ्यांत उपरणें आणि कपाळीं बुक्का असेल, तेव्हां त्याचें यथोचित स्वागत करावें, चहा द्यावा, आणि ते तीन प्रश्न सर्वांच्या देखत विचारावे. शक्य तर ते सूनबाईंनीं विचारावे. उत्तर काय येतें यापेक्षां तो उत्तर देतांना कोणाकडे पाहतो, याकडे वडील मंडळींनीं लक्ष द्यावें. आणि त्या रात्रीं कोणतेंहि नांव उच्चारूं नये.